उभे राहणारे जिभाऊ

जिभाऊंच्या ऑफिसात चार खुर्च्या होत्या आणि चारही सारख्याच वाईट होत्या. वेताच्या, पाठीला टोचणाऱ्या, एका अंगाला कललेल्या. वकिलाची म्हणून जी एक मोठी, गादीची, फिरणारी खुर्ची असते ती तिथे नव्हतीच. जिभाऊ त्या चारांतल्याच एकीवर बसायचे आणि दारात पक्षकार दिसला की तिच्यावरून उठून उभे राहायचे. मी नवी सनद घेऊन त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी ते इतक्या वेळा उठले आणि बसले की मला वाटलं, यांना मूळव्याधीचा त्रास असावा.

त्यांचं खरं नाव वामन दगाजी आहेर. मूळचे कळवणकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. त्या भागात वडीलधाऱ्याला जिभाऊ म्हणतात, आणि नाशिक कोर्टातले झाडून सगळे, अगदी विरुद्ध बाजूचे वकीलसुद्धा, त्यांना जिभाऊच म्हणायचे. ऑफिस रविवार कारंजापाशी, एका भांड्यांच्या दुकानावर. खाली पितळी पातेल्यांना कल्हई चालू असायची आणि वर जिभाऊ धूर हाताने वारत लोकांना "या, बसा" म्हणत असायचे. काळा कोट, पांढरी पँट, कोपरावर रफू.

हे सांगते आहे ते सत्तरच्या दशकाच्या शेवटचं. तेव्हा नाशिकला कोर्टात बायका वकील हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाररूममध्ये कुणी मला 'बेटा' म्हणायचे, कुणी 'ए मुली, जरा ती फाईल दे गं'. जिभाऊ पहिल्या दिवसापासून 'वकीलबाई' आणि 'तुम्ही'. वयाने मी त्यांच्या लेकीएवढी. एकदा मी म्हटलं, "जिभाऊ, मला अहो-जाहो करू नका, अवघडल्यासारखं होतं."

"होऊ द्या," ते म्हणाले. "सवय होईल. मग कुणी 'ए मुली' म्हटलं की तिथे अवघडल्यासारखं होईल. ते जास्त बरं."

आणि तसंच झालं, हे मला कबूल केलं पाहिजे.

पण त्या काळात मला त्यांच्या या उठण्याबसण्याचा खरं तर राग यायचा. माझा सगळा भरवसा कायद्यावर. कायदा चांगला करावा, तो धाक बसेल असा लागू करावा, माणसं आपोआप सुधारतील, असं मी बोलूनही दाखवायचे. जिभाऊ ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पुढचा पक्षकार आला की पुन्हा उभे राहायचे. काम तुंबलेलं, तारखा डोक्यावर, आणि हा माणूस वेळ घालवतोय तो "बसा, बसा ना, पाणी घ्या" करण्यात!

त्यातून पेठकडची डोंगरातली माणसं आली की झालंच. ती खुर्चीवर बसायचीच नाहीत. दाराशी चपला काढायच्या आणि खुर्चीला पाठ टेकून खाली जमिनीवर बसायचं, जसं काही खुर्ची ही भिंतच आहे. जिभाऊ म्हणायचे, "वर बसा ना बाबा." तो म्हातारा म्हणायचा, "नको साहेब, हितंच बरं हाय." दोनदा विचारून झालं की जिभाऊ पँटच्या कडा सावरायचे आणि स्वतःही खाली मांडी घालून बसायचे. मग मलाही बसावं लागायचं, नवी साडी असली तरी. एकदा असे आम्ही सगळे जमिनीवर बसलेलो असताना एक मोठे द्राक्षबागाईतदार वर आले. चारही खुर्च्या रिकाम्या आणि वकील खाली. त्यांना खुर्चीवर बसवेना आणि खाली बसायची तर लाज वाटत होती! शेवटपर्यंत दाराला टेकून उभे राहिले बिचारे आणि त्यांची केस त्यांनी उभ्यानेच सांगितली. जिभाऊंनी त्यांच्यासाठीही उठून पाहिलं होतं, पण गुडघे धरून उठेपर्यंत त्यांचं अर्धं सांगून झालं होतं.

त्यांच्या या खोडीचं मूळ मला एकदा एसटीत कळलं. कळवणला तारखेला चाललो होतो. जिभाऊ खिडकीशी बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"आमचे वडील मामलेदार कचेरीत जायचे ना, तर पायऱ्यांशीच जोडा काढायचे," ते म्हणाले. "काढून काखेत धरायचे. आत सगळे बूट घालून. हे एकटे नाहीत, आमच्याकडचे सगळेच तसं करायचे. मी पुण्याला कायदा शिकायला गेलो तेव्हा तो नियम शोधला. म्हटलं, कुठे लिहिलंय हे? जमीन महसूल कायदा पाहिला, जुनी परिपत्रकं पाहिली, लायब्ररीतला माणूस कंटाळला. कुठेच नाही! असा नियम कधी कुणी केलाच नव्हता."

"मग सांगितलंत का वडिलांना?"

"धावत गावी आलो सांगायला. नवे मामलेदारही भले होते, तेही म्हणाले, जोडा घालून या. वडील गेले घालून. दोन पावलं टाकली आणि थांबले. मला म्हणतात, 'वामन, पाय उचलत नही रे.' परत आले, जोडा काढला, मग आत गेले. मरेपर्यंत तसेच जात राहिले." त्यांनी शेंगांची टरफलं खिडकीबाहेर टाकायला हात काढला आणि माझ्याकडे बघून ती कागदात गुंडाळून खिशात ठेवली. "कायदा नव्हताच, त्यामुळे रद्द तरी काय करणार?"

माझ्या भरवशाला दुसरा धक्का बसला तो एका केसमध्ये, आणि ती आम्ही जिंकलो होतो. नांदगाव तालुक्यातल्या एका गावात साळवे गुरुजी म्हणून बौद्ध शिक्षक होते. गावच्या हॉटेलात त्यांना चहा मिळायचा तो वळचणीला ठेवलेल्या वेगळ्या कपात, आणि पिऊन झाला की तो त्यांनीच विसळून ठेवायचा. गुरुजींनी तक्रार केली, जिभाऊ त्यांच्या बाजूने उभे राहिले, हॉटेलवाल्याला दंड झाला. मी इतकी खूश झाले की ऑफिसात पेढे वाटले.

पुढे काही महिन्यांनी त्याच रस्त्याने जाताना जिभाऊंनी मला आणि गुरुजींना त्या हॉटेलात नेलं. कप सगळ्यांना सारखे. मालकाने तिघांसमोर चहा ठेवला आणि गेला. तेवढ्यात दुसरी माणसं आली तर त्यांना, "या, या, बसा! काय म्हणतोय कांदा?" गुरुजींना अवाक्षर नाही, त्यांच्याकडे बघणंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर जिभाऊ म्हणाले, "कप एक झाला, वकीलबाई. आता ते 'या, बसा' कुठल्या कलमाखाली मागू?"

उत्तर दिलं ते साळवे गुरुजींनी, धोतराला हात पुसत. "त्याचं 'या' मला नकोच आहे, जिभाऊ. मी तिथे त्याचं प्रेम मागायला जात नाही, चहा प्यायला जातो. तुमच्या कायद्याने माझा चहा सरळ झाला, ते मला पुष्कळ आहे. तुम्हाला सगळ्यांनी गोड बोलावं असं वाटतं, कारण तुम्हाला चहा कधी कमी पडला नाही."

नाशिकला एसटी स्टँडवर उतरल्यावर जिभाऊ एवढंच म्हणाले, "गुरुजींचं म्हणणं वजनदार आहे." पुढे नांदगावची तारीख निघाली की ते त्या हॉटेलात थांबायला मात्र चुकले नाहीत.

हे सगळं बाहेर. घरात त्यांची बायको, आमच्या काकू, वेगळंच सांगायच्या. "जगाला अहो आणि मला 'अगं, चहा टाक'!" असं त्या एकदा माझ्यासमोरच म्हणाल्या आणि जिभाऊंच्या ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंना 'तुम्ही' म्हणायला सुरुवात केली. "तुम्ही जेवलात का? तुमचं डोकं दुखतंय का?" काकूंनी थोडे दिवस सोसलं आणि मग रडायलाच लागल्या. त्यांना वाटलं, आपलं काहीतरी चुकलंय आणि हे आपल्याला परकं करताहेत. "हाई काय शे नवं?" म्हणून घर डोक्यावर घेतलं त्यांनी. जिभाऊ मुकाट्याने 'अगं'वर परत आले. आम्ही सगळे यावर पोटभर हसलो, जिभाऊही हसले. यात हसण्यापलीकडचं काही आहे हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. जिभाऊंना ते कळायला हवं होतं.

कारण पुढच्याच पावसाळ्यात मंगळीचं प्रकरण झालं.

ती पेठच्याही पुढच्या एका पाड्यावरची. जंगलातून सागाची लाकडं आणली म्हणून तिच्यावर केस होती, जामिनावर सुटली होती. काटक, काळीसावळी, कडेवर दूधपितं पोर. पोलिसांच्या कागदात नाव होतं 'मंगळी काळ्याची'. जिभाऊंनी ते वाचलं आणि त्यांचं डोकं फिरलं. पहिल्याच तारखेला उभे राहून म्हणाले, "साहेब, आरोपीलाही नाव असतं. हे नाव आहे की शिवी?" मॅजिस्ट्रेट हसले, पण दुरुस्तीचा अर्ज मंजूर केला. तेव्हापासून कोर्टाच्या कागदावर ती झाली 'मंगलाबाई काळूराव भोये'. जिभाऊ इतके खूश, की त्या दिवशी माझ्यासाठी पेढे त्यांनी आणले.

मंगळीला यातलं काही माहीत नव्हतं. तारखेला जिभाऊ तिला स्वतः हात दाखवून आत न्यायचे आणि बाहेर आणायचे. पुकारा ऐकून आत जायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही.

मग एका तारखेला जिभाऊ जिल्हा न्यायाधीशांसमोर अडकले आणि मी गावाला गेलेली. जिभाऊंनी तिला आवारातल्या चिंचेखाली बसवलं आणि सांगितलं, "इथंच बसा. तुमचं नाव पुकारलं की आत जा आणि हात जोडून उभ्या राहा. मी येतोच." पट्टेवाला रामदास दारात येऊन खणखणीत आवाजात ओरडला, "मंगलाबाई काळूराव भोये, हाजिर हो!" तीनदा ओरडला. चिंच तिथून हाकेच्या अंतरावर. आरोपी गैरहजर म्हणून मॅजिस्ट्रेटांनी वॉरंट काढलं आणि जेवायला उठले.

संध्याकाळी जिभाऊ खाली आले तेव्हा चिंचेखाली कुणी नव्हतं. शेवटची गाडी चुकू नये म्हणून मंगळी पेठ नाक्याकडे चालत निघून गेली होती. जिभाऊंना वाटलं, ती पुकारा व्हायच्या आतच उठून गेली. मी परत आल्यावर मला म्हणाले, "मंगलाबाईंनी दगा दिला." कधी नव्हे ते कुणावर चिडलेले पाहिले मी त्यांना.

भात लावणीच्या ऐन दिवसांत पोलीस पाड्यावर गेले आणि तिला चिखलातून उचलून घेऊन आले. पोर शेजारणीकडे राहिलं. कोर्टाला जोडून सुट्ट्या आल्या आणि त्या संपेपर्यंत ती कोठडीत होती. कोर्टापुढे आणली तेव्हा तिच्या पोलक्याच्या पुढच्या बाजूला दुधाचे डाग वाळलेले होते. ते मला अजून दिसतात.

जिभाऊंनी व्हरांड्यात तिला विचारलं, आवाज कडक ठेवून, "त्या दिवशी सांगितलं होतं ना, नाव पुकारलं की आत जा? का गेला नाहीत?"

"नाव नाय पुकारलं ना कोनी," मंगळी म्हणाली. "दिसभर बसले व्हते. एक डाव कोन्या बाईला पुकारत व्हते. लय वेळा पुकारलं. म्या म्हनलं, कोन गावाकडची पाटलीनबाई हाय, येत का नाय ही?"

जिभाऊंनी त्या बाईपुढे दोन्ही हात जोडले. येणारेजाणारे वकील, पोलीस, पक्षकार, सगळे बघायला लागले.

"ती पाटलीणबाई तुम्हीच होता," ते म्हणाले. "मी तुम्हाला न विचारता तुमचं नाव बदललं. तुम्हाला सांगितलंही नाही. चुकलं माझं, बाई."

मंगळी गोंधळून गेली. वकील हात जोडतोय हे तिला कोठडीपेक्षा भयंकर वाटलं असावं. ती मागे सरली. मग तिने हळूच विचारलं, "काय लिवलंय कागदाव?"

"मंगलाबाई काळूराव भोये."

"ती मी व्हय?" ती म्हणाली, आणि एवढ्या सगळ्यात तिला हसू आलं. "परत म्हना."

जिभाऊंनी परत म्हटलं.

वॉरंट रद्द झालं, ती त्याच दिवशी घरी गेली आणि यथावकाश त्या केसमधून सुटलीही. पण जिभाऊ बदलले. त्यांनी कागदांवरची नावं सजवणं सोडून दिलं. आता ते प्रत्येकाला आधी विचारायचे, "घरी तुम्हाला काय म्हणतात? कोर्टात काय म्हटलेलं आवडेल?" लोक बावचळायचे, त्यांना असं कुणी कधी विचारलेलं नसायचं. खुर्च्या तशाच राहिल्या, पण "वर बसा" हे थांबलं. "कुठे बसायला बरं वाटेल?" असं म्हणायचे आणि सांगतील तिथे शेजारी बसायचे. उभं राहणं तेवढं सुटलं नाही. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी सक्त मनाई केली तरी सुटलं नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "आता तरी बसून नमस्कार करा." तर म्हणाले, "वकीलबाई, हे एकच असं आहे की ज्यात समोरच्याला काही करावं लागत नाही."

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर त्यांनी प्रॅक्टिस थांबवली आणि ऑफिस मला दिलं. खुर्च्यांसकट. एक दिवस जिन्यावर पावलं वाजली आणि दारात मंगळी. केसांत पांढऱ्याची रेघ, बरोबर ते एकेकाळचं दूधपितं पोर, आता शाळेतलं. एका ठेकेदाराने तिच्या शेतातून ट्रक घातले होते, आडवी गेली तेव्हा तिला मारलं होतं. तिला फिर्याद करायची होती. पाड्यावरच्या कुणाचीही अशी हिंमत झाली नव्हती आणि ठेकेदार सगळीकडे सांगत फिरत होता की ही बाई कोर्टाची पायरी चढणार नाही. मी जिभाऊंच्या शिकवणीप्रमाणे विचारलं, "कागदावर नाव काय घालू?" तिने सांगितलं, तसं मी घातलं.

तारखेच्या दिवशी जिभाऊ काठी टेकत आले आणि कोर्टात अगदी मागच्या बाकावर बसले. मी त्यांना कोर्टात पाहिलं ते शेवटचं. मंगळी दाराजवळच बसली होती. फिर्यादी हजर नसेल तर ठेकेदार तिथेच सुटणार होता आणि त्याचा वकील घड्याळाकडे बघत होता.

रामदास पट्टेवाला अजून तोच होता. त्याला जुनी गोष्ट आठवत होती. मागच्यासारखा घोळ होऊ नये, बाईला आपलं नाव ओळखू यावं, म्हणून त्या भल्या माणसाने कागदाकडे न बघताच हाक घातली, "मंगळी काळू भोये, हाजिर हो!"

मंगळी उठली नाही.

रामदासने पुन्हा पुकारलं, तिच्याकडेच बघत. ती समोर बघत बसून राहिली. ठेकेदाराचा वकील अर्धवट उठला. मागे वळून पाहिलं तर जिभाऊ काठी पुढे टेकून तिच्याकडेच बघत होते. त्यांना चिंच दिसत असणार, दुधाचे डाग दिसत असणार.

रामदास तिच्याजवळ गेला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "अगं, तुलाच बोलावतायत. ऊठ."

"नाव नाय पुकारलं माजं," मंगळी म्हणाली. तिचा आवाज साऱ्या कोर्टाला ऐकू गेला. "कागदाव बघ. म्या सांगून लिवलंय."

रामदासने कागद पाहिला. मॅजिस्ट्रेटांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तो परत दाराशी गेला, उभा राहिला आणि पहिल्यासारख्याच खणखणीत आवाजात म्हणाला, "मंगलाबाई काळूराव भोये, हाजिर हो!"

तेव्हा ती उठली. पदर खोचला, चपला पायातच ठेवल्या आणि भर कोर्टातून चालत साक्षीच्या पिंजऱ्याकडे निघाली.

मागे बाक करकरला. जिभाऊ एका हाताने काठी आणि दुसऱ्याने बाकाची पाठ धरून उभे राहत होते. कोर्टात न्यायाधीशाशिवाय कुणासाठी उभं राहायची पद्धत नाही. मॅजिस्ट्रेट तरुण होते, त्यांना वाटलं, म्हाताऱ्या वकिलांना काही मांडायचंय. "जिभाऊ, काही म्हणायचं होतं का?"

"नाही साहेब," जिभाऊ म्हणाले. "बाई येताहेत, म्हणून उभा राहिलो."